उमेदवारीपासून फेलोशिपपर्यंत : दिल्लीतील सार्वजनिक कामाच्या शिक्षणाचा इतिहास



दर वर्षी जानेवारी उजाडला की अंतिम वर्षाची तीन-चार मुले शिफारसपत्र मागायला माझ्याकडे येतात. पूर्वी ही पत्रे परदेशातील एम.एस.साठी असत. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात एक नवा प्रकार आला आहे. "मॅडम, फेलोशिपला अर्ज करतोय. दिल्लीला." पाठोपाठ एखाद्या पालकांचा फोन येतो आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "ही नोकरी आहे की शिक्षण? आणि वर्षानंतर पुढे काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही, कारण माहितीपत्रक फक्त या वर्षाचे असते. पदवीधर तरुणाने काही काळ सार्वजनिक कामाला द्यावा, त्या काळात त्याने शिकावे आणि त्याच्या पोटापाण्याची सोय कोणी तरी करावी, ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. तिची सुरुवात पुण्यात झाली आणि तिची परीक्षा वारंवार दिल्लीत झाली. या पाठात आपण तो प्रवास पाहू.

पाठाची उद्दिष्टे
१. सार्वजनिक सेवेच्या उमेदवारीची कल्पना कशी बदलत गेली हे समजून घेणे.
२. दिल्ली व परिसरातील धोरणविषयक फेलोशिप कोणत्या परिस्थितीत सुरू झाल्या हे पाहणे.
३. अशा फेलोचे कायदेशीर स्थान काय असते, याचा विचार करणे.

१. उमेदवार, आजीव सदस्य आणि सेवक

'उमेदवार' या शब्दाचा आज आपण निवडणुकीपुरता किंवा मुलाखतीपुरता अर्थ घेतो. जुन्या मराठीत त्याला आणखी एक अर्थ होता. मामलेदार कचेरीत किंवा वकिलाच्या हाताखाली, पुढे नोकरी लागेल या आशेवर बिनपगारी काम करणारा तरुण म्हणजे उमेदवार. तो काम शिकत असे, दप्तर वाहत असे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहत असे. यात शिक्षण होते, पण व्रत नव्हते.

व्रताची जोड दिली ती पुण्यातील शिक्षणसंस्थांनी. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सदस्यांची पद्धत घातली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचा शब्द दिला आणि तो पाळला. हा अनुभव गाठीशी घेऊन १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाजाची म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची स्थापना केली. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे त्यांचे सुरुवातीचे सहकारी.

या संस्थेच्या रचनेत आपल्या विषयाच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी होती. त्यात अभ्यास होता आणि देशभर प्रवासही होता. दुसरी, निर्वाहापुरता भत्ता संस्था देई, पण स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही अशी शपथ होती. तिसरी, हे आयुष्यभराचे काम होते. आकडेवारी, अंदाजपत्रक, शेतसारा, मिठावरील कर यांचा अभ्यास केल्याशिवाय लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार येत नाही, असे गोखल्यांचे मत होते. केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी केलेली भाषणे याच अभ्यासातून आलेली होती.

ही चाळणी किती बारीक होती याचे एक उदाहरण पाहा. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले. दक्षिण आफ्रिकेहून नुकतेच परतलेले गांधीजी त्यानंतर या संस्थेत प्रवेश मागायला आले. सदस्यांत मतभेद झाले आणि गांधीजींनी आपला अर्ज स्वतःहून मागे घेतला. मात्र गोखल्यांनी त्यांना सांगितलेली एक गोष्ट त्यांनी पाळली : वर्षभर देश फिरायचा, पाहायचे, ऐकायचे आणि सार्वजनिक प्रश्नांवर मतप्रदर्शन करायचे नाही. आजच्या फेलोशिपमधला 'इमर्शन'चा आठवडा हा त्या वर्षाचा फार लहान झालेला अवतार म्हणता येईल.

२. जुने सचिवालय, १९२१

दिल्ली मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर विधानसभा नावाचे स्टेशन आहे. तिथून जवळच अर्धवर्तुळाकार, पांढरी, जुने सचिवालय म्हणून ओळखली जाणारी इमारत आहे. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि लगेच १९१२ मध्ये ही इमारत उभी राहिली. आजचे संसदभवन-संकुल तेव्हा नव्हते. तिथले गोल संसदभवन १९२७ मध्ये खुले झाले. तोपर्यंत दिल्लीतील अधिवेशने या जुन्या सचिवालयात भरत.

१९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे नवे सभागृह अस्तित्वात आले. त्यात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने नेमलेले एक मराठी गृहस्थ बसले होते : नारायण मल्हार जोशी, म्हणजेच ना. म. जोशी. ते १९०९ मध्ये भारत सेवक समाजात दाखल झाले होते. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे दिल्लीला येण्यापूर्वी त्यांच्या पाठीशी बारा वर्षांची उमेदवारी होती.

त्या वेळी कामगार संघटनांपुढे एक विचित्र पेच होता. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मनाईहुकूम दिला. कामगारांना संपाला प्रवृत्त करणे म्हणजे त्यांचा मालकाशी असलेला करार मोडायला लावणे, असा त्याचा अर्थ होत होता. संघटना बांधणाऱ्या माणसावरच नुकसानभरपाईचा दावा लागू शकत होता. जोशी यांनी १९२१ मध्ये सभागृहात ठराव मांडला : कामगार संघटनांच्या नोंदणीसाठी आणि संरक्षणासाठी सरकारने कायदा करावा. ठराव मंजूर झाला. त्यातून पुढे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. सात कामगारांनी एकत्र येऊन संघटना नोंदवावी आणि तिच्या पदाधिकाऱ्यांना अशा दाव्यांपासून संरक्षण मिळावे, ही तरतूद त्या कायद्याने केली.

सत्ता हाती नसलेला एक सदस्य नीट तयारी करून मांडलेल्या ठरावाने काय साधू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. ठरावापासून कायद्यापर्यंत पाच वर्षे लागली, हेही लक्षात ठेवा. ही इमारत पुन्हा एकदा आपल्या वाटेत येणार आहे.

३. देशमुख समिती आणि न आलेले वर्ष

विधानसभा स्टेशनच्या पुढचे स्टेशन विश्वविद्यालय. या दिल्ली विद्यापीठाचे १९६२ ते १९६७ या काळातील कुलगुरू होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यात जन्मलेले, आय.सी.एस. परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे देशमुख मराठी वाचकाला परिचित असतात. त्यांचे आपल्या विषयाशी असलेले नाते मात्र फारसे सांगितले जात नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा करावी ही सूचना राधाकृष्णन आयोगाने केली होती. सेवा स्वेच्छेने व्हावी असा त्या आयोगाचा कल होता. १९५८ मध्ये नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात पदवीपूर्वी सामाजिक सेवेची अट घालण्याचा विचार मांडला. त्यानंतर १९५९ मध्ये देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. तिची शिफारस धाडसी होती. शालेय शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रीय सेवा करावी. त्यात थोडे लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असावे.

ही शिफारस अमलात आली नाही. खर्च फार होता आणि एवढ्या मुलांना कुठे ठेवायचे, काय काम द्यायचे, हा प्रश्न सुटत नव्हता. मग के. जी. सैयदेन यांनी इतर देशांतील पद्धतींचा अभ्यास करून स्वेच्छेच्या बाजूने अहवाल दिला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर काही ना काही सामाजिक सेवा असावी असे म्हटले. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

तुमच्यापैकी अनेक जण एन.एस.एस.मध्ये आहेत. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचे शिबिर हा हिशेब तुम्हाला पाठ असतो. देशमुखांचे नऊ महिने आटत आटत सात दिवसांवर आले, असे मी वर्गात म्हणते तेव्हा मुले हसतात. पण कार्यक्रम अधिकारी म्हणून इतकी शिबिरे केल्यावर मला त्या सात दिवसांची किंमतही माहीत आहे. शौचालयाचे सर्वेक्षण करताना एखाद्या घरातल्या बाईने "बाळ, मागच्या वर्षी पण कुणी तरी हेच विचारून गेलं" असे म्हटले की डेटा म्हणजे काय हे कळते. अडचण एवढीच की कळते त्या दिवशी शिबिर संपत आलेले असते.

पदवीनंतरच्या पूर्ण वेळ सेवेसाठी १९७७-७८ मध्ये राष्ट्रीय सेवा स्वयंसेवक योजना आली. तिचेच पुढचे रूप म्हणजे नेहरू युवा केंद्रांमार्फत चालवले गेलेले राष्ट्रीय युवा दल. पदवीधराने एक-दोन वर्षे मानधनावर पूर्ण वेळ काम करायचे ही आजच्या फेलोशिपची चौकट इथे तयार झालेली दिसते. या योजनेला मात्र कधी झगमगाट लाभला नाही.

४. २००५ नंतरची लाट

आज आपण ज्याला फेलोशिप म्हणतो तो प्रकार साधारण २००८ ते २०१२ या काळात आकाराला आला. २००८ मध्ये गांधी फेलोशिप, २००९ मध्ये टीच फॉर इंडियाची पुणे-मुंबईतील पहिली तुकडी, २०१० मध्ये दिल्लीत खासदारांसोबत काम करण्याची लॅम्प फेलोशिप, २०११ मध्ये दिल्लीतच यंग इंडिया फेलोशिप आणि २०१२ मध्ये पंतप्रधान ग्रामविकास फेलोंची पहिली तुकडी. एवढ्या गोष्टी चार वर्षांत का घडल्या?

याची कारणे तीन सांगता येतील. पहिले, २००५ मध्ये माहितीचा अधिकार आणि ग्रामीण रोजगार हमी हे दोन मोठे कायदे आले. योजनांचा आकार वाढला, माहिती खुली झाली, पण ती वाचून अर्थ लावणारी माणसे कार्यालयांत पुरेशी नव्हती. दुसरे, माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे मध्यमवर्गीय घरांत थोडी निश्चिंती आली होती आणि मुलाने एक वर्ष वेगळे काही केले तर आभाळ कोसळत नाही असे वाटू लागले होते. तिसरे, सरकारी भरती संथ होती आणि कंत्राटी नेमणूक सोपी होती. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना सामाजिक कामावर नफ्याच्या दोन टक्के खर्च करणे बंधनकारक केले आणि या क्षेत्रात पैसाही आला.

नमुना काही अंशी बाहेरचा होता. अमेरिकेत १९६४ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून व्हाइट हाउस फेलो निवडले जातात. ते एक वर्ष मोठ्या अधिकाऱ्यासोबत काम करतात आणि आपापल्या व्यवसायाकडे परततात. गोखल्यांच्या कल्पनेत माणूस येऊन राहतो, या कल्पनेत तो येऊन जातो. आपल्याकडच्या फेलोशिप या दुसऱ्या वाटेने गेल्या.

५. फेलो नेमके काय करतो

संसदेतील काम. पी.आर.एस. लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २००५ पासून दिल्लीत आहे. तिची लॅम्प फेलोशिप पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत चालते आणि एका खासदारासोबत एक फेलो काम करतो. काम समजण्यासाठी प्रश्नोत्तराचा तास घ्या. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न असतात आणि त्यांची निवड सोडतीने होते. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न ढिसाळ असेल तर उत्तरही ढिसाळ येते. "सरकार काय करत आहे?" असे विचारले तर योजनांची यादी मिळते. "अमुक जिल्ह्यात मंजूर निधीपैकी किती खर्च झाला?" असे विचारले तर आकडा द्यावा लागतो. या दोन प्रश्नांतील अंतर म्हणजे फेलोचे काम.

अशासकीय विधेयकांचेही तसेच. स्वातंत्र्यानंतर फक्त १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले आणि शेवटचा १९७० मध्ये. मग ती लिहायची कशाला? २०१५ मध्ये तिरुची शिवा यांचे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीचे अशासकीय विधेयक राज्यसभेने संमत केले. ते कायदा झाले नाही, पण विषय मागे ढकलणे कठीण झाले आणि २०१९ मध्ये सरकारने स्वतःचा कायदा आणला. त्याच्या तरतुदींवर मतभेद आहेत, पण वाट १९२१ च्या ठरावासारखीच आहे.

जिल्ह्यातील काम. पंतप्रधान ग्रामविकास फेलोशिप जयराम रमेश ग्रामविकासमंत्री असताना सुरू झाली. नक्षलग्रस्त जिल्ह्यांत फेलो जिल्हाधिकाऱ्यांसोबत काम करत. आपल्याकडे गडचिरोली आणि गोंदिया त्यात होते. टाटा समाजविज्ञान संस्था त्यांच्या शिक्षणाची बाजू सांभाळत असे. दिल्लीच्या शेजारी हरियाणाने २०१६ मध्ये सोनिपतच्या अशोका विद्यापीठासोबत मुख्यमंत्री सुशासन सहयोगी योजना काढली. गुरुग्राम, फरिदाबाद, सोनिपत अशा जिल्ह्यांत प्रत्येकी एक तरुण सहयोगी बसू लागला. दाखले आणि योजना एका खिडकीवर देणाऱ्या अंत्योदय सरल केंद्रांसारख्या कामांचा पाठपुरावा त्यांच्याकडे होता. महाराष्ट्राची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ची. २०१९ च्या सत्तांतरानंतर ती खंडित झाली आणि २०२३ मध्ये मुंबई आय.आय.टी.च्या सहकार्याने पुन्हा सुरू झाली.

'खंडित झाली' आणि 'पुन्हा सुरू झाली' या दोन शब्दप्रयोगांकडे लक्ष द्या. पुढचा मुद्दा त्यातच आहे.

६. २०२३ : पुन्हा तीच इमारत

जुने सचिवालय आता दिल्ली विधानसभा आहे. दिल्ली सरकारने आणि विधानसभेने गेल्या दशकात अनेक फेलो, सहयोगी फेलो आणि सल्लागार नेमले. विधानसभेच्या संशोधन केंद्रातील फेलो आमदारांना आणि समित्यांना अभ्यासात मदत करत. म्हणजे जिथे जोशींनी ठराव मांडला त्याच आवारात तरुण पदवीधर ठराव आणि प्रश्न तयार करण्याचे काम करू लागले.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिल्लीतील प्रशासकीय सेवांवर मोजक्या विषयांचा अपवाद वगळता निर्वाचित सरकारचा अधिकार मान्य केला. १९ मे रोजी केंद्राने अध्यादेश काढून ती व्यवस्था बदलली. जुलैच्या सुरुवातीला नायब राज्यपालांच्या मान्यतेनंतर सेवा विभागाने अशा सुमारे ४०० जणांच्या नेमणुका संपवण्याचा आदेश दिला. नेमणुकांना सक्षम अधिकाऱ्याची मान्यता नव्हती आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण पाळले गेले नाही, अशी कारणे देण्यात आली. हा निर्णय सरकारचे काम बंद पाडण्यासाठी आहे, असे दिल्ली सरकारचे म्हणणे होते. विधानसभेचे फेलो न्यायालयात गेले.

या वादात कोण बरोबर हे ठरवणे या पाठाचे काम नाही. आपल्याला दोन गोष्टी शिकायच्या आहेत. एक, फेलो हा सरकारी कर्मचारी नसतो. त्याची नेमणूक करारावर असते आणि त्याच्या मागे उभा असलेला अधिकार सरकला की तोही सरकतो. दोन, आरक्षणाचा आक्षेप राजकीय असो वा नसो, प्रश्न खरा आहे. लोकांच्या पैशातून दिलेली, अनुभवाचे दार उघडणारी संधी कोणाला मिळते? राष्ट्रीय युवा दलाच्या स्वयंसेवकाला महिना ५,००० रुपये मानधन मिळत असे. २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री फेलोला प्रवासखर्चासह ७५,००० मिळत होते. दोघेही तरुण, दोघेही सरकारी योजनेचेच काम करणारे. एक तालुक्यातला, दुसरा बहुधा शहरातला आणि इंग्रजीत निबंध लिहू शकणारा. या दोन आकड्यांमधल्या अंतराचा विचार अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करावा.

७. अर्ज करण्यापूर्वी

माझी एक माजी विद्यार्थिनी अशाच एका फेलोशिपवर एका जिल्ह्यात वर्षभर होती. कोणता जिल्हा ते महत्त्वाचे नाही. तिने अंगणवाड्यांतील वजनकाट्यांची पाहणी केली. किती चालू, किती बंद, किती काट्यांची फक्त बॅटरी गेलेली, अशी सुंदर एक्सेल फाइल तयार केली. अधिकाऱ्यांनी कौतुक केले. ती परतली आणि सहा महिन्यांनी तिच्या जागी आलेल्या मुलाने तिला फोन करून विचारले, "ताई, वजनकाट्यांची काही माहिती आहे का? इथे कुणाकडेच नाही." मला हे सांगताना ती म्हणाली, "मॅडम, मी एक्सेल केलं, पण टिपणी केली नाही."

सरकारची स्मृती फायलीत असते. टिपणी लिहिली, ती वर गेली, सही झाली, जावक क्रमांक पडला, तर गोष्ट उरते. लॅपटॉपमध्ये असलेली गोष्ट लॅपटॉपबरोबर जाते. गोखल्यांच्या सेवकाला पाच वर्षे मिळत आणि नंतर सारे आयुष्य. तुम्हाला अकरा-बारा महिने मिळतील, त्यातला पहिला महिना ओळखी करून घेण्यात आणि शेवटचा पुढची नोकरी शोधण्यात जाईल. म्हणून अर्जापूर्वी हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी मिळवा.

• नेमणूक कोण करते : शासन, विद्यापीठ की स्वयंसेवी संस्था? शासन असेल तर शासन निर्णय कोणत्या तारखेचा?
• करार मुदतीपूर्वी संपवण्याची अट काय आहे? किती दिवसांची नोटीस?
• माझे काम कोणाच्या फायलीवर जाईल? मी गेल्यावर ते कोण पाहील?
• माझ्या आधीच्या तुकडीतील दोघांशी बोलता येईल का?

आणि पालकांच्या प्रश्नाचे उत्तर? ही नोकरी नाही आणि केवळ शिक्षणही नाही. ही उमेदवारी आहे, जुन्या अर्थाने. पूर्वीच्या उमेदवाराला पगार नव्हता, तुम्हाला भत्ता आहे. पण जागा रिकामी होईलच याची खात्री त्यालाही नव्हती आणि तुम्हालाही नाही. हे समजून कोणी जात असेल तर मी शिफारसपत्र आनंदाने लिहिते.

स्वाध्याय

१. भारत सेवक समाजाची पाच वर्षांची उमेदवारी आणि आजची एक वर्षाची फेलोशिप यांची तुलना करा. अभियांत्रिकी पदवीधराच्या दृष्टीने कोणत्या गोष्टी एका वर्षात शिकता येतील आणि कोणत्या येणार नाहीत?
२. देशमुख समितीची सक्तीच्या सेवेची शिफारस आज अमलात आणायची ठरवली तर तुमच्या जिल्ह्यात किती विद्यार्थी असतील आणि त्यांना कोणते काम देता येईल? अंदाजाची पद्धत लिहा.
३. तुमच्या तालुक्यातील एक प्रश्न निवडा आणि त्यावर लोकसभेत विचारता येईल असा तारांकित प्रश्न पन्नास शब्दांत तयार करा. उत्तरात आकडा द्यावाच लागेल अशी त्याची रचना असावी.
४. एन.एस.एस. शिबिरातील एखाद्या निरीक्षणावर ग्रामपंचायतीसाठी एक पानाची टिपणी लिहा आणि ती ग्रामसेवकांकडे देऊन पोच घ्या. पोच जोडल्याशिवाय हा स्वाध्याय पूर्ण धरला जाणार नाही.